मृतांचे स्मरण : वनातील शिला आणि नगरातील उत्सव

मृतांविषयीचे कर्तव्य प्रत्येक समाज दोन ठिकाणी पार पाडतो. पहिले ठिकाण कुटुंबाचे : घराचा कोपरा, नदीचा काठ, गावाबाहेरचा झाडाखालचा भाग. तेथे मृत व्यक्ती नावाने ओळखली जाते आणि तिच्या वाट्याचे अन्न तिला पोचते केले जाते. दुसरे ठिकाण सर्वांच्या डोळ्यांसमोरचे : चौक, राजमार्ग, समाधी, स्मारक. तेथे मृत व्यक्ती एका कुटुंबाची न राहता समूहाची होते. ही दोन्ही ठिकाणे एकमेकांस पूरक आहेत. तथापि एका ठिकाणचा विधी उचलून दुसऱ्या ठिकाणी मांडला की त्याच्या अर्थात फरक पडल्यावाचून राहत नाही. हा फरक कोणत्या स्वरूपाचा असतो, हा प्रश्न आज केवळ जिज्ञासेचा राहिलेला नाही. चंद्रपूर व गडचिरोली या वनप्रधान जिल्ह्यांत तो जमिनीच्या आणि जंगलाच्या हक्कापर्यंत येऊन भिडला आहे. प्रस्तुत लेखात या प्रदेशातील स्मरणपद्धतींचा परिचय करून देऊन, मेक्सिकोतील सुप्रसिद्ध मृतदिनाच्या अनुभवाशी त्यांची तुलना केली आहे.

पाषाणाची जुनी परंपरा

विदर्भाची भूमी मृतांच्या पाषाणांनी भरलेली आहे. नागपूरजवळील जुनापाणी, माहूरझरी, टाकळघाट-खापा, नैकुंड इत्यादी ठिकाणची शिलावर्तुळे एकोणिसाव्या शतकापासून विद्वानांना परिचित आहेत. स्टीफन हिस्लॉप या मिशनऱ्याने आणि पुढे रिव्हेट-कार्नॅक या अधिकाऱ्याने त्यांपैकी काहींचे उत्खनन केले. स्वातंत्र्योत्तर काळात शां. भा. देव व त्यांचे सहकारी यांनी टाकळघाट-खापा, माहूरझरी व नैकुंड येथे पद्धतशीर उत्खनने केली. त्यांतून लोखंडाची शस्त्रे व अवजारे, घोड्याचे अवशेष, घोड्याच्या मुखावर चढविण्याचे तांब्याचे अलंकार आणि नैकुंड येथे लोखंड गाळण्याची भट्टी असा मोठा पुरावा हाती आला. चंद्रपूर जिल्ह्यात हिरापूर येथे प्रचंड शिलापट्ट उभे करून त्यांवर आडवी शिला ठेवलेली शिलागृहेही आहेत. ही सर्व लोहयुगीन संस्कृती इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातील होय.

याच प्रदेशाच्या पूर्वेकडील अरण्यात माडिया गोंड आपल्या मृतांसाठी आजही शिला उभ्या करतात. दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या की एक दुसरीची वंशज आहे असे म्हणण्याचा मोह सहज होतो. परंतु येथे सावधगिरी अवश्य आहे. नागपूर परिसरातील वर्तुळांच्या पोटात मृताचे अवशेष व त्याच्या वस्तू पुरलेल्या असतात. माडियांची उभी शिला ही मुख्यतः स्मरणार्थ असते. दोहोंमध्ये दोन सहस्र वर्षांहून अधिक अंतर आहे आणि मधल्या काळातील दुवे सलग सापडत नाहीत. म्हणून साम्य नोंदवावे, वंशावळ मात्र जोडू नये, हीच रीत शास्त्रास धरून आहे.

माडियांच्या स्मृतिशिला

माडिया गोंडांची वस्ती गडचिरोली जिल्ह्यातील भामरागड व एटापल्ली या तालुक्यांत विशेष दाट आहे. भामरागड येथे इंद्रावती, पामुलगौतमी व पर्लकोटा या तीन नद्यांचा संगम होतो. त्यांच्या पलीकडे अबुजमाडचा डोंगराळ प्रदेश सुरू होतो. राजकीय सीमा महाराष्ट्र व छत्तीसगड अशी असली तरी दोन्ही तीरांवरील लोक, त्यांची भाषा आणि सोयरिकी एकच आहेत. महाराष्ट्रातील ज्या तीन जमातींची गणना विशेष असुरक्षित आदिम जमातींत होते, त्यांत कातकरी व कोलाम यांच्या जोडीने माडिया गोंडांचा समावेश आहे.

या लोकांच्या मृतसंस्कारांचे पहिले विस्तृत वर्णन डब्ल्यू. व्ही. ग्रिग्सन यांच्या १९३८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बस्तरच्या माडियांवरील ग्रंथात आढळते. त्यानंतर व्हेरियर एल्विन यांनी बस्तरमधील अंत्यसंस्कारांवर स्वतंत्र लेखन केले. मृतासाठी उभ्या केलेल्या शिलेला 'उरसकल' असे नाव ग्रिग्सन यांनी नोंदविले आहे. यातील 'कल' म्हणजे दगड. हा द्राविड शब्द मराठी वाचकास अगदीच परका नाही. गावोगावच्या मंदिरांपुढे दिसणाऱ्या 'वीरगळ' या शब्दातील 'गळ' कन्नड 'कल्लु'पासूनच आला आहे. युद्धात पडलेल्या वीराची कोरीव शिला आणि माडियांची अनघड उभी शिला यांच्या आकारात व हेतूत भेद आहे. पण दोहोंच्या नावांत एकच दगड आहे.

शिला उभी करणे हे एका घराचे काम नव्हे. योग्य दगड शोधणे, तो वाहून आणणे, तो रोवणे आणि त्यानंतरचे भोजन या सर्वांसाठी कुळातील माणसे, सोयरे व गावकरी एकत्र यावे लागतात. बळी दिला जातो, ढोल वाजतो, मोहाची दारू वाटली जाते. खर्चाचा भार मोठा असल्याने मृत्यू आणि शिला यांमध्ये काही काळ जाऊ शकतो. हा विधी पार पडेपर्यंत मृताची स्थिती जणू अधांतरी असते. शिला उभी राहिली की तो पूर्वजांत जमा झाला, असे मानले जाते. प्रत्येक मृतास हा मान मिळतोच असे नाही. वाघाने मारलेला, बाळंतपणात दगावलेली स्त्री अशांचे मृत्यू निराळे समजून त्यांचे संस्कार वेगळ्या रीतीने केले जातात, असे एल्विन यांनी नोंदविले आहे. दक्षिण बस्तरमध्ये दगडाऐवजी, किंवा त्याच्या जोडीने, नक्षीदार लाकडी खांब उभारण्याची पद्धत आहे. त्यांवर नर्तक, पशुपक्षी व मिरवणुका कोरलेल्या असतात. महाराष्ट्रातच, मेळघाटातील कोरकूंमध्ये, 'सिडोली' या विधीत सूर्य, चंद्र व अश्वारूढ पुरुष कोरलेला लाकडी 'मुंडा' उभा केला जातो. साधन बदलले तरी तत्त्व तेच : मृतास एका निश्चित जागी, निश्चित रूपात स्थान द्यावयाचे.

हानाल, सानाल आणि परधानाची किंगरी

गोंडी भाषेच्या पोटभाषांत मृताच्या आत्म्यास उद्देशून जे शब्द आहेत ते भाषाशास्त्राच्या दृष्टीने उद्बोधक आहेत. उत्तरेकडील व पश्चिमेकडील राजगोंड 'सानाल' म्हणतात, माडिया 'हानाल' म्हणतात, तर काही ठिकाणी आरंभीचा हकारही लोपून 'आनाल' एवढेच उरते. 'स'चा 'ह' आणि 'ह'चा लोप हा गोंडीतील नियमित ध्वनिबदल आहे. शब्दाच्या मुळाशी 'मरणे' या अर्थाचा द्राविड धातू आहे. कन्नड 'सावु' म्हणजे मृत्यू हा शब्द त्याच कुळातील होय. म्हणजे 'हानाल' या शब्दाचा साधा अर्थ 'मेलेला' असाच आहे. भूत, पिशाच्च किंवा प्रेत या शब्दांना मराठीत जी भीतीची छटा आहे ती त्यात मुळात नाही.

राजगोंडांच्या कल्पनांचे सूक्ष्म विवेचन क्रिस्टॉफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी आदिलाबादच्या राजगोंडांवरील १९४८ च्या ग्रंथात केले. चंद्रपूर जिल्ह्याच्या दक्षिणेचा राजुरा भाग १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातील आदिलाबाद जिल्ह्यातच मोडत होता. त्यामुळे त्यांचे निरीक्षण या प्रदेशासही लागू पडते. त्यांच्या मते राजगोंड मनुष्याच्या ठायी 'जीव' आणि 'सानाल' अशी दोन तत्त्वे मानतात. जीव देवाकडून येतो व देवाकडेच परत जातो. सानाल हे त्या विशिष्ट मनुष्याचे व्यक्तित्व होय, आणि मृत्यूनंतर तेच पूर्वजांच्या समूहात वास करते. कुळाचा देव 'पेरसा पेन' याच्या वैशाख व पौष महिन्यांतील उत्सवांत त्या अवधीत मृत झालेल्यांचा पूर्वजांच्या मेळ्यात रीतसर प्रवेश करविला जातो. म्हणजे हा उत्सव एकाच वेळी देवाचा आणि मृतांचा असतो.

या विधीत परधानाचे स्थान अनिवार्य आहे. परधान हे गोंड कुळांचे परंपरागत भाट. किंगरी वाजवून कुळाची उत्पत्तिकथा व पूर्वजांची नावे ते गातात. मृताची वस्त्रे व वस्तू त्यांना दान मिळतात, हे जुन्या नोंदींतही आढळते. लिखित वंशावळ नसलेल्या समाजात परधानाची स्मृती हीच वंशावळ होय. गावाबाहेरची शिला ती जागा सांगते, परधानाचे गीत ते नाव सांगते. एक नसेल तर दुसरे अपुरे पडते.

चंद्रपूर नगरातील मृत

वनातून नगरात आल्यावर मृतांच्या स्मरणाचे रूप पालटते. चंद्रपूर ही गोंड राजांची राजधानी होती. नगराचा परकोट व त्याचे दरवाजे आजही उभे आहेत. झरपट नदीच्या परिसरात, अंचलेश्वर मंदिराजवळ गोंड राजांच्या समाध्यांचा समूह आहे. त्यांत सर्वांत भव्य समाधी वीरशहाची. अठराव्या शतकाच्या आरंभी त्याचा वध झाल्यावर राणी हिराई हिने अल्पवयीन रामशहाच्या नावे राज्यकारभार पाहिला व पतीच्या स्मरणार्थ ही समाधी बांधविली. महाकालीच्या मंदिराच्या उभारणीचे श्रेयही परंपरा तिलाच देते. १७५१ मध्ये राज्य नागपूरकर भोसल्यांकडे गेले. तरी समाधी उरली.

ही समाधी आणि भामरागडची उभी शिला यांचे अंतर केवळ वैभवाचे नाही. समाधीत घुमट, कमानी व कोरीव दगड आहेत. तिच्यासाठी कारागीर लागले, खजिना लागला. शिलेसाठी गाव लागले. समाधी राजाचे नाव प्रजेपुढे ठेवते. शिला मृताचे नाव त्याच्याच माणसांत ठेवते. एकाच गोंड समाजात ही दोन्ही रूपे सुखाने नांदली, याकडे मात्र दुर्लक्ष होता कामा नये.

नगरातील दुसरे स्मरणस्थळ अधिक अलीकडचे आहे. १२ मार्च १८३३ रोजी जन्मलेले बाबूराव पुल्लेसूर शेडमाके हे मोलमपल्लीच्या गोंड जमीनदार घराण्यातील. १८५८ मध्ये त्यांनी गोंड, माडिया व इतर लोकांची फौज उभारून इंग्रजी सत्तेशी सामना दिला. त्या वर्षीच्या एप्रिलअखेर चिंचगुडी येथील तारखात्याच्या छावणीवर हल्ला होऊन गार्टलँड व हॉल हे दोन इंग्रज मारले गेले. पुढे अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई यांच्या माणसांकरवी बाबूराव पकडले गेले आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांदा येथील तुरुंगात त्यांना फाशी देण्यात आले. तुरुंगाच्या आवारातील पिंपळाचे झाड त्या घटनेशी निगडित आहे. दरवर्षी २१ ऑक्टोबरला दोन्ही जिल्ह्यांतून लोक तेथे जमतात व त्या झाडापाशी आदरांजली वाहतात. २००९ मध्ये १२ मार्च रोजी भारतीय डाक विभागाने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

याच तारखेस आणखी एक स्मरण येते. २१ ऑक्टोबर १९५९ रोजी लडाखमधील हॉट स्प्रिंग्ज येथे चिनी सैन्याच्या हल्ल्यात दहा पोलीस जवान मृत्युमुखी पडले. तेव्हापासून हा दिवस देशभर पोलीस स्मृतिदिन म्हणून पाळला जातो. १९८० नंतरच्या नक्षलवादी हिंसाचारात गडचिरोलीने अनेक पोलीस आणि त्याहून अधिक गावकरी गमावले. त्यामुळे या जिल्ह्यात त्या दिवसाच्या मानवंदनेस स्थानिक दुःखाची जोड मिळते. एका बाजूस सरकारविरुद्ध उठलेल्या पूर्वजाचे स्मरण, दुसऱ्या बाजूस सरकारच्या सेवेत पडलेल्यांचे. आणि या दुसऱ्या यादीतही गोंड व माडिया नावे आहेत. तिथी एकच, प्रदेश एकच, कित्येकदा कुळेही एकच. सार्वजनिक स्मारक नेहमी कोणत्या तरी पक्षाचे असते. गावाबाहेरची शिला मात्र मृताचा पक्ष विचारीत नाही. तो कोणाचा मुलगा, कोणत्या कुळाचा, एवढेच विचारते. या भूभागातील दोन स्मरणपद्धतींतला सर्वांत खोल भेद हाच होय.

मेक्सिकोचा अनुभव

घरगुती स्मरणाचे नगरोत्सवात रूपांतर झाल्याचे जगातील सर्वांत ठळक उदाहरण मेक्सिकोचे. तेथे नोव्हेंबरच्या पहिल्या व दुसऱ्या तारखेस मृत आपापल्या घरी परततात, अशी श्रद्धा आहे. पहिला दिवस प्रायः बालमृतांचा, दुसरा प्रौढांचा. घरात 'ओफ्रेंदा' नावाची वेदी मांडतात. तीवर मृताचे छायाचित्र, त्याच्या आवडीचे पदार्थ, मीठ, दिवे, कोपाल नावाचा धूप आणि प्रवासाने तहानलेल्या आत्म्यासाठी पाण्याचा पेला ठेवतात. थडगी स्वच्छ करून रात्रभर तेथे जागरण होते. वेदीपासून दारापर्यंत पिवळ्या फुलांच्या पाकळ्यांची वाट घालतात, म्हणजे मृतास घर सापडते. स्पॅनिश आगमनापूर्वीच्या कल्पना आणि ख्रिस्ती पंथातील सर्व संतांचा व सर्व मृतात्म्यांचा दिवस यांचा संगम या विधीत झाला आहे.

या उत्सवास युनेस्कोने २००३ मध्ये मौखिक व अमूर्त वारशाचा उत्कृष्ट नमुना म्हणून गौरविले आणि २००८ मध्ये मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत समाविष्ट केले. गौरव झाला तो प्रामुख्याने आदिवासी समाजांच्या घरगुती व ग्रामीण आचारांचा. पुढे मात्र एक विलक्षण गोष्ट घडली. २०१५ मध्ये प्रदर्शित झालेल्या 'स्पेक्टर' या इंग्रजी हेरपटाच्या आरंभी मेक्सिको शहरात मृतदिनाची एक प्रचंड मिरवणूक दाखविली होती. अशी मिरवणूक त्या शहरात तोवर निघत नसे. ती पटकथेसाठी रचलेली होती. चित्रपट पाहून येणाऱ्या प्रवाशांची अपेक्षा लक्षात घेऊन शहराने २०१६ मध्ये तशी मिरवणूक प्रत्यक्षात काढली आणि तेव्हापासून ती तेथील प्रघात होऊन बसली आहे.

यावरून परंपरा कृत्रिम झाली असा घाईचा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. होझे ग्वादालूपे पोसादा (मृत्यू १९१३) या चित्रकाराने कोरलेली, उंची टोपी घातलेली सांगाड्याची स्त्री मुळात दिमाखावरील उपहासचित्र होती. दिएगो रिव्हेरा याने १९४७ च्या भित्तिचित्रात तिला मध्यभागी स्थान दिले, आणि आज ती मृतदिनाची ओळखखूण झाली आहे. म्हणजे नवी रूपे स्वीकारण्याची शक्ती त्या परंपरेत पूर्वीपासून होती. विचार करण्यासारखी गोष्ट दुसरीच आहे. मिरवणुकीत मृत्यू आहे, पण मृत नाहीत. तेथील सांगाडे कोणाचेही नाव धारण करीत नाहीत. नाव, छायाचित्र व आवडीचे अन्न ही घरच्या वेदीवरच राहिली. मिरवणूक वेदीला मारीत नाही. मात्र वेदीची जागाही ती घेऊ शकत नाही. लक्षावधी कुटुंबे घरी वेदी मांडतात म्हणूनच रस्त्यावरच्या सोहळ्यास अर्थ प्राप्त होतो.

झेंडू आणि घागर

या दूरदेशीच्या विधीत मराठी वाचकास ओळखीच्या दोन खुणा दिसतील. मृतांची वाट दाखविणारे ते पिवळे फूल, मेक्सिकोत ज्याला 'सेम्पासुचिल' म्हणतात, ते म्हणजे दसऱ्याच्या तोरणातला झेंडू. ही वनस्पती मूळची त्याच देशाची. युरोपीय दर्यावर्दींच्या काळात ती भारतात आली. तिकडे ते मृतांचे फूल, इकडे मंगलतोरणाचे. वस्तू समुद्र ओलांडते, पण तिचा अर्थ नव्या भूमीत नव्याने ठरतो, याचे याहून सुबोध उदाहरण मिळणे कठीण.

दुसरी खूण पाण्याची. विदर्भात व खानदेशात अक्षय्य तृतीयेस पितरांच्या नावे मातीची नवी घागर पाण्याने भरून ठेवतात व पितरांना जेवू घालतात. वैशाखाच्या उन्हात मृतास तहान लागत असेल ही कल्पना जितकी साधी तितकीच हृद्य आहे. भाद्रपदातील पितृपंधरवडा व सर्वपित्री अमावास्या यांना शास्त्राचा आधार आणि पुरोहिताचे साहाय्य असते; घागर भरण्यास मात्र घरची गृहिणी पुरेशी होते. राजगोंडांचा वैशाखातील पेरसा पेनचा उत्सव आणि कुणबी-तेल्यांच्या घरची घागर एकाच ऋतूत येतात. उसनवारीचा सिद्धांत मांडण्यास एवढा आधार पुरेसा नाही; परंतु पेरणीपूर्वीच्या रिकाम्या काळात पूर्वजांची आठवण काढणे शेतकरी समाजास सोयीचे व स्वाभाविक होते, एवढे निश्चित म्हणता येईल. माडियांतही पेरणीपूर्वीचे 'विज्जा पंडुम' व नव्या धान्याचे सण यांमागे हीच दृष्टी आढळते : नवे पीक मुखी घालण्यापूर्वी ते देवांना व पूर्वजांना द्यावयाचे.

स्थळाचा प्रश्न

मेक्सिकोची वेदी दरवर्षी नव्याने मांडता येते; कुटुंब शहरात गेले तर वेदीही शहरात जाते. घागरीचेही तसेच. माडियांची शिला मात्र हलविता येत नाही. तिचा सारा अर्थ त्या जागेशी बांधलेला आहे. म्हणूनच गेल्या काही दशकांत तिला एक असा अर्थ प्राप्त झाला, जो ती उभी करणाऱ्यांच्या मनातही नसेल.

अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी (वनहक्कांची मान्यता) अधिनियम २००६ मध्ये संमत झाला व त्याखालील नियम २००८ च्या आरंभी लागू झाले. हक्काचा दावा सिद्ध करण्यासाठी कोणता पुरावा ग्राह्य धरावा याची यादी या नियमांच्या तेराव्या कलमात आहे. सरकारी कागदपत्रांबरोबरच तीत विहिरी, दफनभूमी व पवित्र स्थळे यांसारख्या, वस्तीचे प्राचीनत्व दाखविणाऱ्या पारंपरिक खुणांचा उल्लेख आहे. पूर्वीच्या नोंदींतील अथवा पूर्वी गावचे रहिवासी म्हणून मान्य झालेल्या व्यक्तींपर्यंत पोचणारी वंशावळ, आणि दावेदारांखेरीज इतर वडीलधाऱ्यांचे लेखी उतरविलेले निवेदन, हेही पुरावे म्हणून स्वीकारले आहेत. इंग्रजी अमदानीत जंगल राखीव झाले तेव्हा ज्या लोकांपाशी कागद नव्हता, त्यांच्यापाशी दगड होते, नावे होती आणि ती नावे जाणणारे वृद्ध होते. एका शतकानंतर कायद्याने या तिन्ही गोष्टींना साक्षीदार म्हणून उभे राहू दिले.

या कायद्याखाली सामूहिक वनहक्क प्रथम मिळविणारी गावे गडचिरोली जिल्ह्यातीलच. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) आणि मर्दा या गावांना २००९ मध्ये हे हक्क प्राप्त झाले. मेंढ्याच्या वाट्यास १,८०० हेक्टरांहून अधिक वन आले, आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकारही तेथील ग्रामसभेने मिळविला. पुढे जिल्ह्यातील शेकडो ग्रामसभांनी ही वाट धरली. अशा दाव्यांत गावाची पारंपरिक सीमा आखताना देवस्थाने व मृतांच्या जागा यांचा आधार घ्यावाच लागतो. कारण सातबाऱ्यावर नसलेली सीमा लोकांच्या स्मृतीत याच खुणांनी आखलेली असते.

या पार्श्वभूमीवर नगरोत्सवाचा प्रश्न पुन्हा पाहिला पाहिजे. ९ ऑगस्ट हा जागतिक आदिवासी दिन म्हणून पाळला जाऊ लागल्यापासून चंद्रपूर व गडचिरोली या नगरांत मिरवणुका निघतात. ढोल वाजतात, रेला नृत्य होते. ज्या समाजास आपली भाषा व वेष घेऊन नगरात येताना संकोच वाटावा अशी परिस्थिती दीर्घकाळ होती, त्याने राजमार्गावरून वाजतगाजत जावे, ही गोष्ट सामान्य नाही. तिला केवळ प्रदर्शन म्हणून हिणवणे अन्यायाचे होईल. परंतु व्यासपीठावर नृत्य नेता येते, वेष नेता येतो, वाद्ये नेता येतात. दगडाची प्रतिकृती करून प्रदर्शनात ठेवली तर ती कोणाचीच स्मृतिशिला राहत नाही, आणि रस्ता, खाण वा धरण यांच्या कामात मूळ दगड उखडला गेला तर त्याच्याबरोबर एक नाव, एक जागा व एक पुरावा नाहीसा होतो. नगरातील संग्रहालयात त्याची सन्मानाने स्थापना केली तरी ही हानी भरून निघत नाही. तेथे तो दगड प्राचीन वस्तू म्हणून सुरक्षित राहील. गावासाठी तो हरवलेलाच असेल.

समारोप

वरील विवेचनावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की, मृतांच्या स्मरणात नाव, अन्न आणि जागा ही तीन अंगे असतात, आणि निरनिराळ्या समाजांनी त्यांपैकी एकेकावर अधिक भर दिला आहे. मेक्सिकोच्या वेदीत अन्न व नाव प्रधान आहेत, विदर्भाच्या घागरीत अन्न, परधानाच्या गीतात नाव आणि माडियांच्या शिलेत जागा. दुसरी गोष्ट ही की, नगरोत्सवात यांपैकी कोणतेही अंग सहजासहजी उतरत नाही. तेथे उतरते ते समूहाचे दर्शन, आणि त्याचे स्वतंत्र मोल आहे. चंद्रपूरच्या तुरुंगातील पिंपळाखाली २१ ऑक्टोबरला जमणारा समुदाय याला काहीसा अपवाद ठरतो. कारण तेथे नावही आहे आणि जागाही तीच आहे. त्या स्मरणाची शक्ती कदाचित यातच असावी.

तिसरी गोष्ट व्यवहाराची आहे. या जिल्ह्यांतील स्मृतिशिलांची गाववार मोजणी, त्यांचे स्थान, त्या ज्यांच्यासाठी उभ्या केल्या त्यांची नावे व कुळे, आणि त्यांविषयी वृद्धांनी सांगितलेली माहिती यांची नोंद ग्रामसभांच्या संमतीने व त्यांच्याच हाती राहील अशा रीतीने होणे अगत्याचे आहे. २०११ मध्ये गडचिरोली येथे स्थापन झालेले गोंडवाना विद्यापीठ अशा कामासाठी अगदी योग्य जागी उभे आहे. किंगरी वाजविणारे परधान विरळ होत चालले आहेत, आणि नावे जाणणारी पिढी वयाच्या उतारावर आहे. दगड आणखी काही शतके टिकतील. तो दगड कोणाचा, हे सांगू शकणारी माणसे मात्र तितकी टिकणार नाहीत.